एक लिटर स्पेंटवॉश आणि साडेपाच हजार लिटर कृष्णा

मार्च संपत आला होता. गाळप हंगाम उरकत आलेला, वरून धरणाचं पाणी आलेलं नव्हतं आणि सांगलीच्या घाटाला कृष्णा अगदी संथ झाली होती. सकाळी सहाच्या आत फोन वाजला. "सर, बाटल्या घेऊन या. मासं वर आल्यात." घाटावरचे भोई तात्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि पाणी तपासायच्या काचेच्या बाटल्या माझ्या गाडीच्या डिकीत कायम असतात, हे त्यांना ठाऊक आहे.

आयर्विन पुलाखाली उतरलो तर पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा. वास आंबूस, थोडा करपलेल्या गुळासारखा. काठालगत चिलापी, कटला, रोहू तोंडं बाहेर काढून हवा गिळत होते. बारकी मासळी केव्हाच पालथी पडली होती.

"कुणी इख कालवलंय का वो पाण्यात?" तात्यांनी विचारलं. मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "पर एक बी मरळ मेल्याली न्हाई. तसं कसं?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारतं. मरळ हा वेगळा मासा आहे. तिच्या कल्ल्यांच्या वर एक जादा पोकळी असते आणि त्या पोकळीतून ती हवेतला प्राणवायू थेट घेऊ शकते. म्हणून तर बाजारात घमेल्यातल्या वीतभर पाण्यातही ती तासन्‌तास जिवंत राहते. पाण्यात विष असतं तर मरळही मेली असती. मेले होते ते फक्त पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगणारे मासे. पाण्यात काय आलं हे शोधायच्या आधी पाण्यातून काय गेलं ते तात्यांच्या निरीक्षणाने सांगून टाकलं होतं.

बाटली पाण्याखाली धरून भरली, आत बुडबुडा राहू दिला नाही, काचेचं बूच लावलं. मग काठावरच दोन द्रावणं घातली, एक मँगनीज सल्फेटचं आणि दुसरं अल्कली-आयोडाइडचं. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो. जितका प्राणवायू जास्त, तितका साका गडद. लायोश विंकलर या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ही पद्धत दिली आणि आजही ती जगभर वापरतात. पुढे आम्ल घातलं की त्या तपकिरी साक्यातून आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटने थेंबाथेंबाने मोजायचं, आणि किती थेंब लागले त्यावरून प्राणवायूचा आकडा काढायचा.

त्या सकाळी मोजायची वेळच आली नाही. साका पांढरा बसला. पांढरा म्हणजे शून्य.

पेपरात अशा वेळी 'मळीमिश्रित पाणी सोडल्याने मासे मृत' अशी बातमी येते. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी जहाल केमिकल असणार. मला या लेखात पहिली गोष्ट सांगायची आहे ती हीच: नदीत आलं होतं ते मुख्यतः जेवण होतं. फार जास्त, एकदम आलेलं जेवण.

मळी म्हणजे काय ते आपल्या भागात समजवावं लागत नाही. उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून काढून शेवटी जो काळा, दाट, चिकट पाक उरतो, ती मळी. तिच्यात अजून निम्म्याच्या आसपास साखर असते, फक्त तिचे दाणे पाडणं परवडत नाही. ती पाण्यात कालवायची, यीस्ट घालायचं, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. या आंबलेल्या द्रावणाला डिस्टिलरीत 'वॉश' म्हणतात. तो तापवून अल्कोहोल उडवून काढलं की मागे उरतो तो स्पेंटवॉश: गरम, आंबट, काळपट. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर. त्यात यीस्टने न खाल्लेली साखर असते, मेलेलं यीस्ट असतं, उसातली सेंद्रिय आम्लं असतात, पालाश असतो.

हे नदीत गेलं की तिथल्या जिवाणूंची चंगळ होते. ते खातात, वाढतात, आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात, जसा आपण श्वासात वापरतो. किती वापरतील याचं माप म्हणजे बीओडी. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचा आणि जिवाणूंनी किती प्राणवायू संपवला ते मोजायचं. मूळ पद्धत इंग्लंडची, २० अंशांवर ५ दिवसांची. आपल्याकडे पाणी उबदार, जिवाणू चपळ, म्हणून भारतात २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात.

आता आकडे बघा. नदीत अंघोळ करता यावी अशा पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. शहराच्या सांडपाण्याचा, म्हणजे सांगलीकरांच्या भाषेत शेरीनाल्याच्या जातीच्या पाण्याचा, साधारण २०० ते २५० असतो. मळीच्या स्पेंटवॉशचा ४०,००० ते ५०,०००.

मधला ४५,००० धरू. २७ अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ४५,००० भागिले ८ केलं तर ५,६२५. एक लिटर स्पेंटवॉश पचवायला साडेपाच हजार लिटर नदीचा सगळा प्राणवायू लागतो. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री नाल्यात उलटला तर पाच कोटी साठ लाख लिटर पाण्याचा श्वास त्यात जातो. नदी हवेतून प्राणवायू परत घेत असते, बंधाऱ्यावरून पाणी उडी घेतं तिथे तर भरपूर घेते, आणि दिवसा शेवाळ तो बनवतंही. पण उन्हाळ्यात डोह संथ असतात आणि रात्री शेवाळही प्राणवायू खातच असतं. म्हणून मासे पहाटे वर येतात. तात्यांचा फोन सहाच्या आत आला त्याचं कारण हे.

हा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो तेव्हा वर्ग गप्प होतो. मलाही तो दर वेळी तितकाच लागतो.

इथून पर्यावरणीय जैवतंत्रज्ञान समजायला सोपं जातं. नाव मोठं आहे, कल्पना साधी आहे: जिवाणूंची जी भूक नदीत घात करते तीच भूक टाकीत बंद करून कामाला लावायची. डिस्टिलरीच्या आवारात मोठे घुमटासारखे डायजेस्टर दिसतात, त्यात हेच चालतं. गोबरगॅस ज्यांच्या घरी आहे त्यांनी याचा धाकटा भाऊ पाहिलेला आहे.

डायजेस्टरमध्ये हवा जाऊ देत नाहीत. तिथे काम चार पाळ्यांत चालतं. पहिल्या पाळीचे जिवाणू मोठे रेणू तोडून लहान करतात. दुसऱ्या पाळीचे त्यांपासून आम्लं बनवतात. तिसऱ्या पाळीचे ती आम्लं मोडून व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड देतात. चौथ्या पाळीचे त्यातून मिथेन काढतात. हे चौथे फार जुन्या कुळातले जीव. प्राणवायू त्यांना मानवत नाही. ते गाईबैलांच्या पोटातही राहतात. आणि ते सावकाश वाढतात. सगळी गोम इथेच आहे. वरून एकदम जास्त माल आला तर आम्ल बनवणारे धडाधड बनवत सुटतात, मिथेनवाले मागे पडतात, टाकीचा आंबटपणा वाढतो, आणि आंबटपणा वाढला की मिथेनवाले आणखीच मंदावतात. डिस्टिलरीतली माणसं म्हणतात, 'डायजेस्टर आंबला.' एकदा आंबलेला डायजेस्टर परत मार्गावर आणायला आठवडे जातात. बाहेरून लोखंडी टाकी दिसते, पण ती जनावरासारखी सांभाळावी लागते. खाणं वेळेवर, बेतानं, एकसारखं.

बदल्यात काय मिळतं तेही मोजू. एक हजार लिटर स्पेंटवॉशमध्ये रासायनिक मापाने, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने मोजलेल्या सीओडीने, सुमारे १०० किलो प्राणवायूची मागणी असते. त्यातली ६५ किलो जरी डायजेस्टरने मिटवली, तर किलोमागे ०.३५ घनमीटर या हिशेबाने जवळजवळ २३ घनमीटर मिथेन मिळतो. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा थोडी जास्तच उष्णता झाली. नदीत जे माशांचा जीव घेतं तेच बॉयलरखाली जळतं.

हवा न देता हे का करायचं, हवा फुंकून का नाही? कारण हवा मिळाली की जिवाणू सगळी ऊर्जा स्वतःच खर्च करून टाकतात, आणि हवा फुंकायच्या ब्लोअरला वीज लागते ती वेगळी. हवा नसताना त्यांना अन्न पूर्ण जाळताच येत नाही. जी ऊर्जा त्यांना वापरता आली नाही ती मिथेनमध्ये शिल्लक राहते.

पण डायजेस्टरने काम संपत नाही. बीओडी ऐंशी-नव्वद टक्क्यांनी उतरला तरी ४५,००० चे पाच-सात हजार उरतातच, आणि रंग तर जवळजवळ तसाच राहतो. हा रंग मेलॅनॉइडिनचा. साखर आणि प्रथिनांतले नत्रयुक्त घटक एकत्र तापले की हे तपकिरी रेणू बनतात. भाकरीला पडणारा डाग, खरपूस भाजलेला कांदा, सगळी एकाच घराण्यातली रसायनं. जिवाणूंना ती सहज पचत नाहीत. म्हणून उरलेलं पाणी आटवतात, नंतर कारखान्याच्या प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळताना उरलेल्या गाळावर, शिंपडून त्याचं कंपोस्ट करतात किंवा दाट झालेला स्पेंटवॉश खास बॉयलरमध्ये जाळतात. जाळल्यावर जी राख उरते ती पालाशाने भरलेली असते. भारतात पालाशाचं खत जवळजवळ सगळं परदेशातून येतं. उसाने वाळव्याच्या, पलूसच्या, कराडच्या काळ्या रानातून उचललेला पालाश त्या राखेतून पुन्हा रानात जाऊ शकतो. मला या साखळीतली ही कडी सगळ्यात आवडते, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

एवढं सगळं झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आधी एवढा स्पेंटवॉश बनवायचाच कशाला?

इथे हरित रसायनशास्त्र येतं. १९९८ मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी त्याची बारा तत्त्वं मांडली. बाराही मी इथे सांगत बसत नाही. पहिलं एकच धरून ठेवलं तरी पुष्कळ आहे: कचरा झाल्यावर साफ करत बसण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं. जैवतंत्रज्ञान बहुतेक वेळा पाइपच्या तोंडाशी उभं असतं. हरित रसायनशास्त्र पाइपच्या दुसऱ्या टोकाला, जिथे माल आत जातो तिथे उभं राहतं.

डिस्टिलरीतच बघू. वॉशमध्ये ८ टक्के अल्कोहोल असेल तर शंभर लिटरमधून ८ लिटर अल्कोहोल निघेल आणि ९२ लिटर मागे राहील. म्हणजे लिटरमागे साडेअकरा लिटर. हेच अल्कोहोल १२ टक्क्यांपर्यंत नेता आलं तर मागे राहतं ८८, लिटरमागे ७.३. स्पेंटवॉशमध्ये एक तृतीयांशाहून जास्त कपात, तीही एकही नवी टाकी न बांधता. अडचण एवढीच की अल्कोहोल वाढलं की ते बनवणारं यीस्टच त्यात मरायला लागतं. म्हणून जास्त अल्कोहोल, जास्त साखर आणि जास्त उष्णता सोसणारं यीस्ट शोधणं हे आपल्या ऊसपट्ट्यासाठी फार मोलाचं संशोधन आहे. पुण्याजवळ मांजरीला, आपल्या वसंतदादांच्या नावाच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानावर काम चालतं ते अशाच प्रश्नांवर.

असं यीस्ट किंवा असं एन्झाइम, म्हणजे सजीवांमध्ये रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, मिळवायची रीत शेतकऱ्याला परकी नाही. आपल्याकडे आजी खळ्यावर शाळूची टपोरी कणसं बाजूला काढून बियाण्याला ठेवायची. दर वर्षी तेच. फ्रान्सेस अर्नॉल्ड यांनी हेच एन्झाइमांच्या बाबतीत केलं. एन्झाइमच्या जनुकात मुद्दाम बारीक बारीक बदल घडवायचे, हजारो नमुन्यांतून हवं ते काम सगळ्यात चांगलं करणारा निवडायचा, त्यात पुन्हा बदल, पुन्हा निवड. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. एन्झाइमने काम झालं की उकळतं आम्ल, दाब, विषारी द्रावक यांची गरज बरीच कमी होते. म्हणून हरित रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान यांच्यातली भिंत आता फारशी उरलेली नाही.

आता थोडं औषधाकडे वळतो, कारण हरित रसायनशास्त्राचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तिथे आहे. अंगदुखीवर आपण आयब्युप्रोफेन घेतो. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ते बनवायची जी पद्धत बसली ती सहा पायऱ्यांची होती. त्यात जेवढा कच्चा माल आत जायचा त्यातले वजनाने फक्त ४० टक्के अणू गोळीत पोचायचे. बाकीचे ६० टक्के कचऱ्यात. टेलरकडे साडेतीन मीटर कापड दिलं आणि दीड मीटर अंगावर आलं, बाकी सगळी कतरण, तसं. टेलरने कापण्यात एकही चूक केली नसेल. बेतणंच तसं होतं. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये हा हिशेब मांडला, त्याला अणूंची काटकसर म्हणता येईल. १९९२ पासून अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तीन पायऱ्यांची नवी पद्धत सुरू झाली. त्यात ७७ टक्के अणू गोळीत येतात, आणि बाजूला निघणारं अ‍ॅसेटिक आम्ल परत मिळवलं की ९९ टक्के कामी येतात. जुन्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लागायचं आणि त्याचा ढीगभर चिखल व्हायचा, तोही गेला.

पण पूर्ण खरं सांगायचं तर नव्या पद्धतीत हायड्रोजन फ्लोराइड वापरतात, आणि ते अत्यंत घातक आहे. ते बाहेर न जाता परत परत फिरवलं जातं म्हणून कचरा होत नाही, पण कामगाराच्या जवळ ते असतंच. 'हरित' हा शिक्का नाही. ती तुलना आहे, आधीपेक्षा किती बरं एवढंच ती सांगते, आणि प्रत्येक पायरीवर ती नव्याने करावी लागते.

अशी घातक, द्रवरूप आम्लं काढून त्यांच्या जागी घन उत्प्रेरक, म्हणजे क्रियेला वेग देणारे पण स्वतः न संपणारे पदार्थ, वापरायचे, हा आपल्याकडच्या संशोधकांनी मन लावून केलेला भाग आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे कुलगुरू राहिलेले पद्मश्री गणपती यादव यांचं मोठं काम यात आहे. द्रव आम्ल वापरलं की शेवटी ते अल्कलीने मारावं लागतं, त्याचं मीठ होतं, मीठ सांडपाण्यात जातं. घन उत्प्रेरक मात्र चहाच्या गाळणीत पत्ती राहावी तसा मागे राहतो; धुऊन पुन्हा वापरता येतो. क्षारपड जमिनीचं दुःख काय असतं हे मिरज-वाळव्याच्या माणसाला विचारा, मग सांडपाण्यातलं मीठ वाचवणं किती मोठी गोष्ट आहे ते कळेल.

औषधाच्या धंद्यात किलोभर औषधामागे २५ ते १०० किलो आणि कधी त्याहूनही जास्त कचरा होतो, तर पेट्रोल शुद्ध करणाऱ्या रिफायनरीत किलोमागे शंभरेक ग्रॅम. रॉजर शेल्डन यांनी हे माप रूढ केलं, त्याला ई-फॅक्टर म्हणतात. रिफायनरी स्वच्छ आणि औषध कारखाना घाण, हे ऐकून मुलं चक्रावतात. औषधात पायऱ्या अनेक आणि प्रत्येक पायरीला धुवायला, विरघळवायला द्रावक; कचऱ्यातला मोठा वाटा द्रावकांचाच.

द्रावक म्हटलं की सांगलीत हळद आठवणारच. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत जिथे एकेकाळी हळद साठवायचे, तिथून मार्केट यार्डातल्या सौद्यापर्यंत हे शहर हळदीवर वाढलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीतून तेल आणि कुरकुमिन काढायला हेक्झेन, अ‍ॅसिटोन यांसारखे द्रावक वापरतात. ते ज्वालाग्राही असतात आणि त्यांचा अंशही मालात राहू नये म्हणून खटाटोप करावा लागतो. त्याला एक पर्याय म्हणजे कार्बन डायऑक्साइड. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाच्या वर तो धड वायूही राहत नाही, धड द्रवही नाही. वायूसारखा फटीफटीत शिरतो आणि द्रवासारखं विरघळवतो. काम झालं की दाब सोडायचा, तो उडून जातो, मागे निव्वळ तेल. हळदीचं सुगंधी तेल याने छान निघतं. पिवळं कुरकुमिन मात्र त्यात नीट विरघळत नाही, त्याला थोडं अल्कोहोल जोडीला द्यावं लागतं.

आता हे दोन धागे एकत्र आणून बघा. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल देतं आणि उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. अणूंच्या काटकसरीत आपली डिस्टिलरी कागदावरच निम्म्यावर अडकते. तो वायू बऱ्यापैकी शुद्ध असतो. काही ठिकाणी तो पकडून सोड्यासाठी विकतात. पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत एकीकडे तो वायू सोडणारे आंबवणीचे पिंप आणि दुसरीकडे हळद, आणि विरघळवायला जोडीला लागणारं अल्कोहोलही त्याच पिंपातलं. हा जोड आपल्या जिल्ह्यात बसावा असं मला मनापासून वाटतं. भांडवल मोठं लागतं, दाबाची यंत्रं महाग असतात, हे मान्य. पण विद्यार्थ्यांना प्रकल्पाला विषय हवा असतो तेव्हा मी पहिला हाच देतो.

आपल्या भागातलं दुसरं मोठं काम रंगाच्या पाण्यावर झालं आहे. इचलकरंजीच्या प्रोसेसमधून निघणारं रंगीत सांडपाणी सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे कापडाचे रंग मोडणारे जिवाणू, बुरशी आणि चक्क बागेतल्या झाडांवर वर्षानुवर्षं काम केलं. दारातला चिनी गुलाब, झेंडूची मुळं यांच्यात रंगाचा रेणू तोडणारी एन्झाइमं असतात हे त्यांनी दाखवलं.

यातली एक खाच मात्र नीट समजून घ्यायला हवी. यातल्या बऱ्याच रंगांच्या पोटात दोन नत्र अणूंचा एक पूल असतो, त्यामुळे त्यांना रंग येतो. हवेशिवाय वाढणारे जिवाणू तो पूल पटकन तोडतात आणि पाणी नितळ दिसायला लागतं. पण पूल तुटल्यावर जे दोन तुकडे उरतात ते कधीकधी मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असतात, काही तर कर्करोगाला कारण होणारे. म्हणून नंतर हवा असलेल्या टाकीत दुसऱ्या जिवाणूंकडून त्या तुकड्यांचा निकाल लावावा लागतो. पाणी पांढरं झालं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला तुकड्यांचं काय केलं हे विचारलंच पाहिजे. चांगले संशोधक हे स्वतःच तपासतात. मोडलेल्या रंगाच्या पाण्यात मूग, गहू रुजवून बघतात, कांद्याच्या मुळातल्या पेशी बघतात.

फलटणचाही उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून काम करते आहे. गोड ज्वारीच्या ताटातल्या रसापासून इथेनॉल आणि त्यावर चालणारे स्टोव्ह, कंदील हे तिथे अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी घडवलं. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने तर उसाच्या पाचटाचा कोळसा केला आणि खरकट्यावर चालणारा घरगुती बायोगॅस दिला. त्या बायोगॅसमागचा विचार एका वाक्यात सांगता येतो: शेण म्हणजे गाईने आधीच पचवून उरवलेलं, मग जिवाणूंना ताजं पिठूळ अन्न का देऊ नये? त्या दोन कामांना इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार २००२ आणि २००६ मध्ये मिळाला.

एक सावधगिरीची गोष्टही सांगतो. हल्ली जिवाणूंच्या पुड्या आणि बाटल्या विकायला येतात. ओढ्यात टाका, तळ्यात टाका, सगळं साफ. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू घडवला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं पेटंट घेता येतं असा निकाल दिला, तेव्हा लोकांना असंच वाटलं होतं. पण १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर जहाजातून खरोखर तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्याचे मूळचे जिवाणूच कामाला आले. माणसांनी त्यांना फक्त नत्र-स्फुरदाचं खत दिलं. कृष्णेतही जिवाणूंची कमी नाही. त्या मार्चच्या पहाटे ते गरजेपेक्षा जास्तच जोमात होते. संपला होता प्राणवायू, आणि तो पुडीत मिळत नाही. पुडी घेऊन येणाऱ्याला बीओडी आधी किती, नंतर किती, हे दोन आकडे मागावेत.

ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घाटावर नेलं. पाणी गढूळ, लालसर, वाहतं. तात्या नाव बांधून आमच्यातच येऊन बसले. या वेळी बाटलीत साका तपकिरी बसला, भिजवलेल्या तपकिरीच्या रंगाचा. मी आम्ल घातलं, पाणी पिवळं झालं. स्टार्चचे थेंब टाकले, गडद निळं झालं. "आता हे तुम्ही धरा," म्हणून थायोसल्फेट भरलेल्या ब्युरेटची, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीची, तोटी तात्यांच्या हातात दिली. जाळं विणणारी बोटं ती; एकेक थेंब सोडत गेले, मुलं वाकून बघत होती. निळा रंग फिकट झाला, आणखी फिकट झाला, आणि एका थेंबासरशी गेला.

तात्यांनी डोळ्यांवर हात धरून नळीवरची खूण वाचली. "साडेसहा," ते म्हणाले. "बरोबर हाय का, सर?"

मी वाकून पाहिलं. बरोबर होतं.